आग्याचे पाच गुण

रविकिरण बिराजदारनं ती पेटी दीड वर्ष खपून भरली होती. चित्रांतल्या प्राण्यांना झुंजवायच्या खेळाची तीनशे साठ कार्डं. काही पुण्याहून मागवलेली, काही कॉलेजातल्या मित्रांनी लग्नानंतर देऊन टाकलेली. लातुरात गंजगोलाईजवळ त्याच्या मित्राचं, वीरभद्रचं, भांड्यांचं दुकान होतं. दर रविवारी दुपारी दुकानावरच्या खोलीत सहा जण जमत. प्रत्येकासमोर पंधरा कार्डांचा गठ्ठा. त्यातलं एक ठेवायचं, बाकीची डावीकडच्याला द्यायची. असे तीन गठ्ठे संपले की हाती आलेल्या कार्डांतून आपला संच बांधायचा आणि प्रत्येकानं एकमेकांशी तीन लढती खेळायच्या. कार्डांवरची नावं इंग्रजी होती, पण मंडळींनी आपली नावं पाडली होती. आग ओकणारा भलामोठा पंखवाला साप म्हणजे आग्या. हिरवा, गाल फुगवून बसलेला तो बेडूक.

रविकिरण शिकवणीत फिजिक्स शिकवायचा. गुण देण्याची सवय जात नव्हती. त्यानं एका वहीत प्रत्येक कार्डाला पाचपैकी गुण दिले होते. आग्याला पाच, बेडकाला एक.

खेळायला लागून वर्ष झालं तेव्हा पेटीतली वीस कार्डं बदलायचं ठरलं.

"कुठली काढायची ते मी सांगतो," रविकिरण वही उघडत म्हणाला.

"थांबा भावजी," वीरभद्रची बायको स्वप्नाली म्हणाली. तीही पहिल्या दिवसापासून खेळत होती. दर रविवारी सगळ्यांचे संच मांडून ती मोबाइलवर फोटो काढायची. तिनं त्यावरून हिशोब लावला होता. "आग्या एकतीस रविवार कुणाच्या ना कुणाच्या संचात होता. तो घेणारा पहिला आला दोनदा. बेडूक एकोणतीस रविवार. अकरा वेळा पहिला."

"घेणाऱ्याला खेळता आलं न्हाई, वहिनी. त्यात कार्डाचा काय दोष?"

"आग्याच्या एकतीसपैकी चौदा वेळा घेणारे तुम्हीच होता."

वीरभद्र एवढ्या जोरात हसला की खाली दुकानातल्या नोकरानं वर डोकावून पाहिलं.

रविकिरणच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "ठीक हाय. पुढचे तीन रविवार आग्या मलाच द्या. दाखवतो."

दिला. पहिल्या रविवारी तो तिन्ही लढती हरला. दुसऱ्या रविवारी एक जिंकला, पण ती आग्या हातात यायच्या आतच संपली होती. तिसऱ्या रविवारी समोर स्वप्नाली होती. आग्या मैदानात उतरवायला सात शक्ती लागायची आणि शक्ती दर पाळीला एकेकानं वाढायची. रविकिरणजवळ सहा झाली. आग्या हातात तयार. तिकडे स्वप्नालीचा बेडूक कधीच मरून तिला नवं कार्ड देऊन गेला होता, आणि तिच्या बाकीच्या चिल्ल्यापिल्ल्या कार्डांनी रविकिरणचे वीसच्या वीस जीव कुरतडत शून्यावर आणले होते.

"एक पाळी! एकच पाळी पाहिजे होती!"

"तुम्हाला दर वेळी एकच कमी पडते भावजी," ती म्हणाली. ती टोमणा मारत नव्हती, हेच त्याला जास्त लागलं. त्यानं हातातली कार्डं सतरंजीवर आपटली आणि चुरमुऱ्यांचा सुशीला न खाताच घरी गेला.

घरी त्यानं वही पहिल्या पानापासून वाचली. गुणांवर तारीख होती. पेटीतून पहिला डाव खेळले त्याच्या महिनाभर आधीची. म्हणजे एकही कार्ड खेळून पाहण्याआधी, इंटरनेटवर परदेशातल्या लोकांनी त्यांच्या पेट्यांसाठी केलेल्या याद्यांवरून त्यानं हे गुण उतरवले होते. त्यांच्या पेट्यांतले डाव लांबत असतील. इथं सहाव्या-सातव्या पाळीत निकाल लागायचा. वर्षभरात त्यानं एकही आकडा बदलला नव्हता.

आणि त्याला शिवानी हंबर्डे आठवली. नांदेडची मुलगी, त्याची जुनी विद्यार्थिनी. बँकेतल्या नोकरीसाठी लातुरात आली तेव्हा सात रविवार खेळायला आली होती. एकदा तिच्या गठ्ठ्यात आग्या आणि बेडूक दोन्ही आले आणि तिनं बेडूक ठेवला. रविकिरणनं सगळ्यांसमोर तिचं कार्ड उचलून दाखवलं होतं. "पाच सोडून एक घेतला! शिवानी, तू पेपरातपण असंच करायचीस." ती त्या दिवशी पहिली आली होती. त्यानंतर आलीच नाही. पुढं बदली होऊन नांदेडला गेली.

दुसऱ्या दिवशी त्यानं फोन लावला.

"शिवानी, तो बेडूक... तुझं बरोबर होतं."

"माहीत हाय सर. मी जिंकले होते की."

"मग तेव्हा बोलली का न्हाईस?"

"बोलले होते. डाव लवकर संपतो, मोठं कार्ड कशाला, असं म्हणले. तुम्ही हसलात."

त्याला ते आठवत नव्हतं. "चुकलं माझं. एखाद्या रविवारी ये ना."

"रविवारी मी पोहणं शिकायलेय, सर. बघते." ती येणार नाही, हे दोघांनाही कळलं.

रविवारी तो सगळ्यांच्या आधी खोलीवर जाऊन बसला. मंडळी जमताच म्हणाला, "वहिनींचं खरं हाय. पहिल्यांदा आग्या काढा."

"का म्हणून?" वीरभद्रनं विचारलं.

"का म्हणजे? तो घेणाऱ्यालाच हरवतो! महिनाभर तुम्हीच सांगायलात ना!"

"हरवू दे की. पण एखाद्या वेळी उतरला तर लई मजा येते. मी दोनदा उतरवलाय, अजून आठवतं. तो न्हाई काढायचा."

"अरे, आकडे बघ!"

"आकडे बघितले. हात वर करा रे, आग्या ठेवायचा कुणाला?"

चार हात वर गेले. चौथा स्वप्नालीचा होता.

"वहिनी, तुम्हीसुद्धा?"

"चूक काय ते मी सांगितलं, भावजी. काढा म्हणले का मी?"

रविकिरणला वाटलं, पेटी उचलावी आणि सरळ निघून जावं. वर्षभर चुकीचं सांगितलं तेव्हा सगळे मान हलवत होते. आता बरोबर सांगतोय तर कुणी ऐकेना. तो उठलासुद्धा. मग खिडकीशी जाऊन वही उघडली आणि पेनानं एकेक आकडा खोडू लागला. नवीन आकडा एकापुढेही लिहिला नाही. बाराव्या पानावर पेन संपलं. त्यानं खाली दुकानात जाऊन दुसरं मागून आणलं. बाकीचे पाच जण गठ्ठे मांडून तो यायची वाट बघत बसले होते.