पाय नसलेला मोजा

मी एक मोजा बोलतोय. पायातला नव्हे, कॉफीतला. सिंगापुरात, तोआ पायोहच्या एका इमारतीखाली कॉफीचे दुकान आहे, तिथे मी लोंबकळत असतो. तारेच्या कड्याला शिवलेली लांबट कापडी पिशवी, एवढेच माझे अंग. माझ्यात भुकटी घालतात आणि वरून उकळते पाणी ओततात. आलो तेव्हा पांढराशुभ्र होतो. पहिल्याच दिवशी काळवंडलो.

माझे धनी बून हॉक. ते कॉफी ओततात, बोलत नाहीत. बोलायचे काम त्यांच्या थोरल्या बहिणीचे, सिऊ गेकबाईंचे. दुकानाच्या खिडकीत गिऱ्हाइकाचे ऐकून त्या आत आरोळी देतात. 'कोपी ओ कोसोंग' म्हणजे काळी, बिनसाखरेची. कोसोंग म्हणजे रिकामी. दोरीच्या पुडीचा चहा म्हणजे 'तिआओ हू', मासेमारी. पुडी गळासारखी बुडवायची, उचलायची. कोकोच्या डब्यावर पूर्वी चेंडू मारणाऱ्या गड्याचे चित्र होते, म्हणून कोको म्हणजे 'ताक किऊ', चेंडूला लाथ. ताकाचा संबंध नाही. आरोळी आली की बून हॉकचा हात आपोआप चालतो.

एकदा जागेचे मालक क्वेकसाहेब कुठलेसे व्याख्यान ऐकून तापूनच आले. ही चिनी-मलय खिचडी भाषा बंद, म्हणाले. खिडकीत शुद्ध इंग्रजीच हवी, आणि वाक्याच्या शेपटाला इथल्या सवयीचा तो 'ला' लावायचा नाही. शनिवारी परीक्षा. नापास झाल्या तर बाईंच्या जागी बटणांचे यंत्र.

गेकबाईंच्या घरी दुसरे कुणी नाही. त्यांचे दिवसभराचे बोलणे त्या खिडकीत. त्या रात्रंदिवस रेडिओवरच्या इंग्रजी बातम्या ऐकून घोकू लागल्या. 'ला' मात्र जाईना. गिळला की त्याची उचकी होई.

शनिवारी क्वेकसाहेबांबरोबर परीक्षक म्हणून इंग्रजीच्या निवृत्त शिक्षिका परेराबाई येऊन बसल्या. रांगेत पहिल्या शेजारच्या रोहाना मावशी. म्हणाल्या, "गेकताई, आमच्या टेबलाचं नेहमीचंच."

गेकबाई ताठ उभ्या राहिल्या. प्रत्येक शब्दाचे इंग्रजी करून, बातम्या सांगाव्यात तशा म्हणाल्या, "कृपया एक मासेमारी. चेंडूला दोन लाथा. शिवाय एक रिकामी काळी. धन्यवाद." आणि एक उचकी.

कोपऱ्यातल्या परदेशी पाहुण्याने पाय खुर्चीखाली ओढून घेतले. बून हॉक किटली तिरकी धरून तसेच उभे. पाणी माझ्यावरून उतू जाऊ लागले.

"ताई," ते म्हणाले, "कुठल्या नदीत?"

रांग थांबली. क्वेकसाहेब मात्र यंत्राचे चित्र खिशातून काढून उलगडू लागले.

परेराबाईंनी चष्मा पुसला. "व्याकरणात चूक नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "उच्चार स्वच्छ. अर्थ तपासायला मला कुणी सांगितलेलं नाही. पास."

आता पास झालेली भाषा मोडायची कशी? बाईंची जागा टिकावी म्हणून सगळे तशीच बोलू लागले. बून हॉकही शिकले. रोहाना मावशी रोज अदबीने विचारतात, "एक मासेमारी मिळेल का, कृपया?" सगळ्या पेठेत तेच चालते. क्वेकसाहेब पुन्हा आले, ही कसली इंग्रजी म्हणून कुरकुरले. मावशी म्हणाल्या, "साहेब, परीक्षा झालेली आहे ला." खिडकीतून एक उचकी ऐकू आली.

माझी शिवण आता उसवली आहे. कपात गाळ उतरतो. शेजारच्या खिळ्यावर नवा मोजा आला आहे, कोरा, पांढरा. आपण किती शुद्ध, याचा त्याला फार अभिमान.

मी जातो. तुम्ही कधी आलात तर तोंडी येईल त्या भाषेत मागा, गेकबाई समजून घेतील. शुद्धाचे मात्र मला विचारू नका. मी अगदी शुद्ध होतो, तेव्हा कॉफीला नुसता कापडाचा वास येत होता.