भरलेली म्हणजे कुठपर्यंत?

मित्रांनो, दोन पारडी, त्यांना पेलणारी एक दांडी आणि दांडीच्या मधोमध उभा असलेला बारीक काटा, एवढाच माझा देह. मी पितळेचा आहे आणि आता बराच जुना झालो आहे. ज्या कारागिराने मला घडवले, त्याने माझी पारडी कानशीने घासून घासून एकसारखी केली. रिकामा असताना काटा सरळ उभा राहिला, तेव्हाच त्याने मला खाली ठेवले.

माझी उमेदीची वर्षे एका औषधाच्या दुकानात गेली. दुकानदार पुड्या बांधायचा, मी तोलायचो. मी फुंकरीनेही हलतो, म्हणून काटा स्थिर होईपर्यंत तो श्वास रोखून धरायचा. गिऱ्हाइकाने घाई केली की म्हणायचा, "थांबा हो जरा. याला औषध काय नि विष काय, दोन्ही सारखंच. माझं चुकलं तर हा ओरडून सांगणार नाही." लोक हसायचे. मला मात्र आत कुठेतरी बोचायचे, कारण तो खरे बोलत होता.

पुढे दुकानात आकडे दाखवणारा विजेचा काटा आला आणि माझी रवानगी फळीखाली झाली. पारड्यांत टाचण्या आणि तुटकी रबरे साठली. एकदा दुकानदाराची भाची आली, तेव्हा त्याने मला बाहेर काढून पुसले. "ने याला. पोरीला समीकरणं शिकव. नाहीतरी तुला सगळं दोनदा मोजल्याशिवाय चैन पडत नाही."

ही भाची म्हणजे या घरातली आई. लावलेली कडी पुन्हा जाऊन बघणारी, प्रत्येक औषधाची एक बंद बाटली जास्तीची ठेवणारी. तिची मोठी मुलगी समीकरणांपाशी अडली होती. धाकटा ढब्बू नुकताच खुर्चीवर चढायला शिकला होता. मुलांची आत्याही याच घरात राहायची.

आई एका पुडीत बटणे भरून ती चिकटवायची आणि माझ्या डाव्या पारड्यात ठेवायची. ही पुडी म्हणजे क्ष. तिच्या शेजारी दोन सुटी बटणे, उजवीकडे सात. "काटा सरळ आहे. आता पुडी न फोडता सांग, आत किती?" मोठी दोन्हीकडून दोन-दोन बटणे उचलायची. काटा तसाच सरळ राहायचा आणि पुडीसमोर पाच बटणे उरायची.

"आई, हा क्ष दर वेळी हरवतोच कसा गं? त्याच्या आईला सांग ना, हात धरून ठेव म्हणावं."

मोठी खो खो हसायची. आई हसायची नाही. ती मागे वळून ढब्बू कुठे आहे ते बघायची.

त्या दुपारी मात्र उदाहरण जरा रंगले होते आणि घर फार शांत होते. लहान मूल असलेल्या घरातली अशी शांतता चांगली नसते, मित्रांनो. आईचा हात बटणावरच थांबला. ती उठली. ढब्बू स्वयंपाकघरात टेबलाखाली बसला होता. हातात तापाच्या औषधाची उघडी बाटली, फरशीवर गुलाबी थारोळे आणि ओठही गुलाबी. गोड औषध होते. तो हसत होता.

आत्याने थारोळे पुसले, आईने डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून आवाज आला, "उलटी करवू नका. बाटली घेऊन निघा. आणि किती पोटात गेलंय त्याचा अंदाज द्या. दोन चमचे असेल तर नुसतं लक्ष ठेवू. तीनच्या वर असेल तर मला आत्तापासून तयारी करावी लागेल."

गाडी बोलावली, पण तिला यायला वेळ होता. आई ढब्बूचे ओठ पुन्हा पुन्हा पुसत होती. मोठीनेच मला पुढे ओढले.

"आई, क्ष म्हणजे त्याच्या पोटातलं. बाकीचं सगळं आपल्याला मोजता येतंय."

एका पारड्यात तिने जास्तीची बंद बाटली ठेवली, दुसऱ्यात ढब्बूच्या हातातली, झाकण लावून. मी धाडकन बंद बाटलीकडे कललो. हलक्या बाजूला ती वजने टाकत गेली. छत्तीस ग्रॅमला काटा सरळ झाला. एवढे औषध कमी होते. मग पुसलेले ओले फडके आणि त्याच्याच जोडीचे कोरडे. फरक अठरा. हे सांडलेले. औषधाचा एक चमचा भरतो सहा ग्रॅम, आणि सकाळी बाबांनी एक चमचा दिला होता.

"छत्तीस बरोबर क्ष अधिक अठरा अधिक सहा. म्हणजे क्ष बारा. दोन चमचे, आई!"

"दोनच?" आई भिंतीला टेकली. डोळे पुसत तिने फोन उचलला. "गाडी नको म्हणून सांगू का?"

माझे काम चोख झाले होते. वजने खरी होती, वजाबाकी बरोबर होती. आणि उत्तर चूक होते.

"आधी ताळा कर," आई सवयीने म्हणाली.

मोठी मोठ्याने बोलू लागली, "बाटली भरलेली होती. त्यातून सकाळचं गेलं, सांडलेलं गेलं..."

ढब्बूला कडेवर घेऊन उभी असलेली आत्या मध्येच म्हणाली, "भरलेली म्हणजे कुठपर्यंत?"

"म्हणजे काय? या बंद बाटलीसारखी. गळ्यापर्यंत."

"छे गं. ती तर काठोकाठ होती. काल मीच केली."

आत्याला काही वाया गेलेले चालत नसे. शांपू असो, तेल असो, तळाशी उरलेले ती नव्या बाटलीत रिकामे करायची. औषधालाही तिने तोच न्याय लावला होता.

"किती ओतलंत, ताई?" आईने विचारले.

"थोडंसंच."

"थोडंसं म्हणजे किती?"

"आता मी काय मोजून ओतते का? झाकण लावताना बोटाला लागलं, एवढं आठवतंय."

मोठीने पेन्सिल खाली ठेवली. "आई, आता दोन अज्ञात झाले. एका समीकरणात नाही सुटत."

ढब्बूने आत्याच्या खांद्यावर डोके टेकले आणि जांभई दिली. एरवी तो याच वेळी झोपतो. पण आता तिघीही त्याच्या पापण्यांकडे बघत राहिल्या.

मग मोठीने बंद बाटली फोडली आणि तिच्यात चमच्याने पाणी घालू लागली. एक. दोन. तीन. तिसऱ्याला पाणी अगदी काठाला आले.

"जास्तीत जास्त तीन मावतात. आधीचे दोन. पाच."

"कमीही असेल गं," आत्या पुटपुटली.

"असेल. पण आपण पाचच धरायचे." आईने फोन कानाला लावला. "डॉक्टर, पाच धरा." पलीकडून काळजी करू नका असे कोणी म्हणाले नाही. "लवकर या," एवढेच.

बाहेर गाडी थांबली. सगळे गेले. माझ्या एका पारड्यात ओले फडके तसेच राहिले होते, दुसऱ्यात कोरडे फडके आणि वजने. बंद घरात ते फडके हळूहळू वाळू लागले आणि काटा कलू लागला. कुणी काही उचलले नव्हते, कुणी काही ठेवले नव्हते. तरी मी कलतच राहिलो. फोन वाजला, थांबला, परत वाजला. उचलायला कोणी नव्हते.

मित्रांनो, ढब्बू परत आला. हाताला सुईची खूण होती आणि चेहरा उतरलेला होता, पण आला. रक्ताच्या तपासणीत आकडा पाचाच्या जवळचाच निघाला. दोन म्हणून घरी थांबला असतात तर लक्षणे दिसेपर्यंत उशीर झाला असता, असे डॉक्टर म्हणाले. आत्याला कोणी एका शब्दाने बोलले नाही. तिला तेच जड गेले.

म्हणून सांगतो, औषध लहानांचा हात पोहोचणार नाही तिथे ठेवा. जुने नव्यात ओतू नका. समीकरणे जरूर शिका, पण सोडवण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारा, यात कुणी काही घातलंय का? आणि घातले असेल तर विचारायची वाट न पाहता सांगा. मी फक्त दोन बाजू सारख्या आहेत एवढेच दाखवतो. सांगायचे राहून गेलेले माझ्या पारड्यात कधी पडतच नाही, आणि माझा काटा तेव्हाही सरळच उभा असतो.