पहिल्या जोडीतला वरचा रोल

मित्रांनो, मी पत्रे बनवणाऱ्या मशीनचा एक जुना रोल आहे. तुम्ही मला पाहिलेलं नसेल, पण तुमच्या गोठ्यावरचा पन्हाळीचा पत्रा माझ्यासारख्यांच्याच मधून गेलेला असतो. सपाट पत्रा मशीनच्या एका टोकाने आत शिरतो आणि दुसऱ्या टोकाने पन्हाळी पडून बाहेर येतो. मध्ये आमच्या जोड्यांची रांग असते, एक रोल वर, एक खाली. प्रत्येक जोडी पत्र्याला जरासं वाकवते. एकदम वाकवलं तर पत्रा फाटतो. थोडंथोडं वाकवलं, तर कोणीच तक्रार करत नाही.

मी पहिल्या जोडीतला वरचा. पत्र्याला आधी धरतो तो मी.

मला लेथवर घडवलं ते जाड पत्र्यासाठी. त्या जाडीच्या मापानेच माझ्या अंगावर चढउतार कोरले गेले. पोलाद तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं; घडवणाऱ्याने घाईत मला हे पाणी मात्र कमी पाजलं. त्यामुळे मी दिसायला पोलाद राहिलो, पण कातडी मऊ. अशी पुष्कळ मंडळी मोठ्या हुद्द्यावर असतात, म्हणून मी मनाला लावून घेतलं नाही.

कामाची उमेदीची वर्षं राजूरला गेली. कोळशाच्या धुळीत उभ्या राहणाऱ्या शेडना जाड पत्रा लागे. दसऱ्याला माझ्या गळ्यात झेंडूची माळ पडे आणि मालक पाहुण्यांना सांगे, "हा रोल म्हणजे आपला वाघ हाय." मग बाजाराला स्वस्त, पातळ पत्रा हवा झाला. मालकाने पत्रा बदलला, रोल बदलले नाहीत. आमच्यामधली फट स्क्रूने कमी करता येते, पण अंगावरची कोरणी तीच राहते. पातळ पत्रा तिच्यात नीट बसत नाही. तो तिरपा जातो, आणि मग कोणीतरी त्याला हाताने सरळ करू लागतो.

तिथे ते काम श्रावण नावाचा माणूस करत असे. त्याच्या बोटात घोड्याच्या नालेची अंगठी होती, शनीची. मित्रांनो, मी चावत नाही. मी गोल आहे, फक्त ओढतो. मशीन थांबवून, उलटी फिरवून लोकांनी जे काढायचं ते काढून नेलं. माझ्या मऊ कातडीवर अंगठीचा गोल खड्डा तेवढा राहिला. त्यानंतर जो पत्रा माझ्याखालून गेला, त्याच्यावर माझ्या प्रत्येक फेऱ्याला एक कडं उमटू लागलं.

मशीन विकली गेली आणि दिग्रसला, कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात, एका व्यापाऱ्याकडे येऊन पडली. तिथे कबुतरांशिवाय माझ्यावर कोणी बसलं नाही.

एके दिवशी जवळच्या बंजारा तांड्यावरचे शंकरसिंग आले. त्यांच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर मुलूखभर मीठ वाहिलं होतं. यांची शेती होती आणि संजय नावाचा मुलगा होता, जो पुण्याच्या कारखान्यात रमेना. पोरगं घरी राहावं म्हणून तांड्यावरच पत्र्याचं काम सुरू करायचं ठरलं होतं. पत्रा पातळच विकणार होते. सगळा मुलूख तोच घेतो.

व्यापारी तसा लबाड, पण त्या दिवशी त्याच्या तोंडून खरं निघून गेलं. "शंकरभाऊ, मशीन घ्या, पन रोल नवे पाडून घ्या. पातळ पत्र्याचे येगळे असतात. दिवाळीनंतर भेटतीन."

शंकरसिंगांनी बैल पारखावा तसं आमच्याकडे पाहिलं. खाली वाकले, वर पाहिलं, माझ्यावरून आणि माझ्या खालच्या जोडीदारावरून हात फिरवला. त्यांचं बोट माझ्या खड्ड्यावरून गेलं. बैलाच्या खांद्यावर जुवाचा घट्टा असतोच, तसं समजून ते पुढे गेलं.

"हे दोघं किती दिवसाचे संगं हायेत?"

"पहिल्यापासून."

"मंग जोडी काहून फोडू? आमच्यात जोडी फोडत नाहीत. एक बैल काढला का दुसरा चारा सोडते."

"बैल नाही हे, लोखंड हाय भाऊ."

"संगं चाललं ते चाललं," शंकरसिंग म्हणाले. व्यापाऱ्याने खांदे उडवले. राजूरचं तो काही बोलला नाही. कोणी विचारलंही नाही.

अशी आमची जोडी शाबूत तांड्यावर आली. भर उन्हाळ्याची दुपार होती. रुपीबाईंनी, म्हणजे संजयच्या आईने, मशीनला कुंकू लावलं, नारळ फोडला. मग मुलाचा हात धरून बोटात एक अंगठी सरकवली. घोड्याच्या नालेची.

"याडी, हे कायले?" संजयने आईला विचारलं.

"लोखंडाचं काम हाय. शनी पाह्यते."

मी पाहत होतोच.

मशीन सुरू झाली. पहिला पत्रा कसाबसा सरळ निघाला. शंकरसिंगांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते म्हणाले, धूळ गेली. रुपीबाई तो पत्रा धरून उन्हात घेऊन गेल्या. इकडे दुसरा पत्रा माझ्यात शिरला आणि अपेक्षेप्रमाणे तिरपा निघाला.

"डावीकडं जाऊन राह्यला. हातानं दाब," शंकरसिंग म्हणाले.

संजयने हात टेकवला. पत्रा सरळ झाला. हात जरा पुढे आला. मी फिरत होतो. खालचाही फिरत होता. आम्ही कधी एकमेकांशी बोललो नाही, पण त्या वेळी दोघांनाही एकच आठवलं असावं.

"संजय, इकडं ये," उन्हातून रुपीबाईंची हाक आली.

"काम चालू हाय, याडी."

"ये म्हनलं ना."

तो गेला. मालकच तो, मशीन चालू ठेवून गेला. रुपीबाईंनी पत्रा तिरपा धरला होता. त्यावर ओळीने कडी उमटली होती, हाताहाताच्या अंतरावर. त्यांनी मुलाच्या बोटातली अंगठी ओढून काढली आणि एका कड्यावर ठेवली. डब्यावर झाकण बसावं तशी ती बसली. दुसऱ्यावर ठेवली. तिथेही बसली.

"हे कोनाची हाय?" त्यांनी विचारलं.

 रुपीबाई मशीनपाशी आल्या आणि त्यांनी खटका खाली ओढला. मी माझ्या वजनाने अर्धा फेरा आणखी फिरलो आणि थांबलो, खड्डा बरोबर वर करून. मग त्यांनी व्यापाऱ्याला फोन लावला.

"भाऊ, त्या मानसाचा हात कसा हाय आता?"

 पलीकडून व्यापारी हळूच म्हणाला, "तुम्हाले कोनं सांगतलं?"

त्यांनी फोन ठेवला.

शंकरसिंगांनी माझ्यासमोर उकिडवं बसून खड्ड्यावरून पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाले, "जोडी फोडा." दिवाळीपर्यंत मशीन झाकून ठेवली. नवे रोल पाडायला ते स्वतः गेले, विकायचा तोच पातळ पत्रा काखेत घेऊन. त्यावर मापून रोल झाले, पाणी नीट पाजलेले. पुढे हात जाऊ नये म्हणून जाळी बसवली. आता पत्रा सरळ जातो आणि संजयला त्याला हात लावावा लागत नाही. त्याची दहाही बोटं जागेवर आहेत. तो त्यांचा उपयोग बहुतेक मोबाइलसाठी करतो.

खालचा भंगारात गेला. मी शेडच्या दाराला टेका म्हणून आहे. ती अंगठी रुपीबाईंनी माझ्या खड्ड्यात दाबून बसवली. नंतर शनीला द्यायची म्हणून काढू लागल्या, तर निघेना. पहिला पत्रा शेळ्यांच्या गोठ्यावर टाकला आहे. दुपारी पत्रे तापले की सगळेच वाजतात, त्याला कारण आहे. पण तो एक वाजतो तेव्हा ओळीने वाजतो, एका कड्यापासून पुढच्या कड्यापर्यंत, कोणी बोटाने ठोकत जावं तसा. शेळ्या तेव्हा बाहेर उन्हात येऊन उभ्या राहतात.

तेव्हा मित्रांनो, मशीन घ्याल तर रोल तिच्याबरोबर फुकट आलेत म्हणून ठेवून घेऊ नका. कोणता पत्रा चालवायचा ते आधी ठरवा आणि त्याच्या जाडीचे रोल पाडून घ्या. जुने घेतलेच, तर त्यांच्यावरून हात फिरवा, आणि खड्डा लागला तर तो कोणाचा, हे विचारल्याशिवाय उठू नका.

हात मात्र मशीन बंद असताना फिरवा. मी दाराशी आडवा पडलो आहे, पण कोणी जवळून गेलं की अजून थोडा घरंगळतो. त्यांच्याच बाजूला.