चिव्याचे तीर आणि जुन्या कपड्यांची गोण

कृष्णनाथांचे हात थरथरायला लागले ते गेल्या वर्षीच्या काजूच्या हंगामात. काजूची फळं, म्हणजे बोंडू, पिळताना कोणाच्या ध्यानात आलं नाही, पण चिव्याची काठी तासायला घेतली आणि सुरी भलतीकडेच गेली. म्हापशाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, हे वाढत जाणार. गोळ्यांनी जरा आवर बसेल, इतकंच.

दुसऱ्या कोणाच्या हाताचं असतं तर एवढं काही अडलं नसतं. पण पार्से गावातल्या या घराला एक मान होता. दसऱ्याला गावच्या देवापुढे शस्त्रं मांडतात, त्यांत नवा तीर ठेवायचा तो याच घरातला. चिवा म्हणजे बारीक, भरीव बांबू. तो सावलीत वाळवायचा, विस्तवावर शेकून सरळ करायचा, लाख चढवायची, मागे कोंबड्याची पिसं दोऱ्याने आवळायची आणि पुढे लोखंडी टोक बसवायचं. वडिलांनी केलं, कृष्णनाथांनी केलं. मुलगा गौरेश कारखान्यात नोकरीला. बांबू मांडवाला लागतो, एवढंच त्याचं ज्ञान. तिराचं वेड लागलं ते सुनेला. सुविधा मोपाच्या विमानतळावर कामाला. पाळी संपवून आली की चहाचा कप खाली ठेवते न ठेवते तोच धनुष्य घेऊन परसात.

आता नवे तीर होणार नव्हते. तेव्हा घरातले दहा-बारा आहेत ते जपायचे, असं कृष्णनाथांच्या डोक्यात पक्कं बसलं. तिला थांब म्हणवेना, कारण तिने ताणलेली दोरी सुटली की त्यांचं मन भरून यायचं. मग तीर मोडणार नाहीत असं निशाण शोधायचं ठरलं.

आधी सुविधाने मोबाइलवरून फोमचं निशाण मागवलं. दिसायला झकास, पण केलेलं दुकानातल्या गुळगुळीत तिरांसाठी. चिव्याचा तीर त्यात असा रुतायचा की ओढून काढताना लाख फोमलाच चिकटून राहायची. मग केळीचं खोड आणलं. ते मऊ खरं, पण चिकाचे डाग पडले आणि ओल लागून एक तीर वाकला. पेंढ्याचा भारा बांधला, तर तीर आरपार गेला आणि पिसं आतच राहिली. शेवटी नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, रचायला घेतली, तेव्हा पायरीवर बसलेल्या पद्मावतीला, म्हणजे कृष्णनाथांच्या बायकोला, लेकीच्या लग्नाची खटपट आठवली आणि राहवेना.

"एका तिराक किती स्थळां बघतल्यात? आमच्या चेडवाक सुद्धा इतकी बघूक नाय होती."

उपाय मात्र तिनेच काढला. गोणपाटाची गोण घ्यायची आणि जुने कपडे पायाने तुडवून ठासून भरायचे. पहिल्याच दिवशी तीर आत शिरला आणि खट्कन वाजलं. गौरेशच्या जुन्या पँटची चेन. टोक बोथटलं आणि लाखेवर ओरखडा उठला. मग पद्मावती कात्री घेऊन बसली. बटणं, हूक, चेन, जरीचे काठ, सगळं कापून बाजूला काढलं. धुऊन धुऊन मऊ झालेली सुती लुगडी आणि पंचे तेवढे ठेवले. गोण आंब्याच्या फांदीला टांगली. तीर लागला की ती मागे झुलायची आणि धक्का गिळायची. तीर दोन बोटांत फिरवून ओढला की अलगद बाहेर यायचा. कृष्णनाथ तो कानाशी धरून वाकवून बघायचे, कुठे चीर तर गेली नाही ना. कधीच नसायची.

सगळा पावसाळा असा गेला. गोण पडवीत आणून टांगली, पण सुविधाचा सराव चुकला नाही आणि एकही तीर मोडला नाही. कृष्णनाथ खूश होते. दसरा जवळ आला तशी ती खुशी आंबायला लागली.

गेल्या दसऱ्याला त्यांनी जुनाच तीर तेल लावून देवापुढे ठेवला होता. गाव काही बोललं नाही, देवही बोलला नाही. कृष्णनाथ मात्र त्या दिवशी जेवले नव्हते.

"यंदाचो तीर तू कर," ते सुविधाला म्हणाले. "मी बाजूक बसतंय."

"करूया मां, बाबा. पण घाई कित्याक? आसत इतके. त्यातलो एक मोडलो काय बसतंय तुमच्याकडे शिकूक."

ती टाळत नव्हती. एक मोडला की शिकायला बसेन, हेच ती गेल्या वर्षापासून सांगत होती आणि मनापासून सांगत होती. कृष्णनाथ पडवीत बसून त्या गोणीकडे बघत राहिले. आपण कसे शिकलो? बाबा चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, नेम धरायला लावायचे. दिवसाआड तीर मोडायचा, संध्याकाळी तो सांधायला बसायचं. मोडक्या तिरांवरच हात बसला होता. इथे तर मोडणारच नाही अशी व्यवस्था आपणच करून ठेवली. त्यांना आधी गोणीचा राग आला, मग स्वतःचा. तीर उरतील, आणि ते करणारं कोणी उरणार नाही. ते फार घाबरले.

सुविधा समोर धनुष्याची दोरी चढवत होती. कृष्णनाथ उठले. भिंतीशी ठेवलेल्या तिरांतला सगळ्यात सरळ त्यांनी निवडला, गुडघ्यावर धरला आणि मोडला. करणं जमत नव्हतं त्या हातांना मोडणं जमलं.

"बाबा, ह्यां काय केल्यात?"

"मोडलो," कृष्णनाथ म्हणाले. "मोडलो काय बसतंय म्हणालंस. बस आता."

सुविधा धनुष्य खाली ठेवून आत गेली. ती दुखावली असं त्यांना वाटलं, आणि जाऊन माफी मागावी असंही वाटलं. पद्मावती दारात येऊन नुसती बघत राहिली. मग सुविधा बाहेर आली ती सुरी आणि माळ्यावरचा वाळलेला चिवा घेऊन. त्यांच्यासमोर मांडी घालून बसली आणि पहिलं पेर तासायला लागली. सुरी खोल जायला लागली तसा कृष्णनाथांनी तिच्या हातावर हात ठेवला. त्या हाताबरोबर तिचाही हात थरथरू लागला आणि सुरीचं पातं चिव्यावर वेडंवाकडं ओढलं गेलं.

"बाबा, हात काढा," ती हळूच म्हणाली. "तोंडान सांगा."

कृष्णनाथांनी हात काढला, मांडीखाली दाबून धरला आणि सांगायला सुरुवात केली.