काचेवरचा दाणा

"पावणं, ह्यातलं फॉर्मलीन कुठं गेलं?"

शाहूपुरीतल्या पॅथॉलॉजी लॅबच्या खिडकीशी रुद्रय्या उभा होता. खिडकीच्या आत दिलदार हातातली लहानशी बाटली उजेडाकडे धरून निरखीत होता. माणसांच्या अंगातून काढलेले तुकडे मेणात बसवावेत, त्यांचे कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ काप काढावेत आणि ते काचेवर चढवून डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यात ठेवावेत, हे त्याचे रोजचे काम. त्याने बाटलीचे झाकण उघडले, नाकाशी नेले आणि मान झटकन मागे घेतली.

"वास मारतोय की ह्येला! हे तर पाणी हाय."

"सांडलं," रुद्रय्या म्हणाला. "रिक्षात सांडलं जरा."

"सांडलं, तर मग भरलं कुणी?"

ह्या प्रश्नाला रुद्रय्यापाशी उत्तर होते. परंतु त्याने नजर खाली वळवली. दिलदारने त्याच्या कपाळावरच्या विभूतीच्या पट्ट्यांकडे आणि खाली गेलेल्या नजरेकडे क्षणभर पाहिले. मग तो बाटलीवर चिठ्ठी चिकटवीत हळू आवाजात म्हणाला, "बघू. काय शिल्लक असंल तर असंल. निरोप आला की या."

रुद्रय्या मूळचा नेसरीचा. वयात आला तेव्हापासून तो कसबा बावड्याच्या साखर कारखान्यात होता आणि तिथेच शिकत शिकत पॅनमन झाला होता. उसाचा रस आटून आटून दाट झाला की मोठ्या बंद कढईत त्याची साखर धरू लागते. त्या कढईला पॅन म्हणतात. आत काय चालले आहे ते बाहेरून दिसत नाही. म्हणून पॅनमन सळईने आतला थोडा पाक बाहेर काढतो, काचेच्या पट्टीवर पसरतो आणि दिव्यासमोर धरून त्यातला दाणा पाहतो. दाणा धरला आहे की नाही, सारखा आहे की लहानमोठा, हे काच सांगते आणि काचेने सांगितल्याशिवाय पॅन खाली सोडायचा नाही, हा त्या कामाचा धर्म. ह्या कामात रुद्रय्याचे आयुष्य शांतपणे सरले असते. पण त्या साली दिवाळीच्या सुमारास त्याची बायको बसव्वा हिच्या मानेला, कानाच्या खाली, सुपारीएवढी गाठ आली. गाठ दुखत नव्हती. म्हणूनच तिच्याकडे कुणी लक्ष दिले नाही. मग संध्याकाळचा ताप येऊ लागला, अंग वाळत चालले, बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. सर्जननी पाहिले आणि सांगितले, "क्षयाची असेल. दुसरंही काही असू शकेल. काढून तपासल्याशिवाय कळायचं नाही."

दुसरंही काही. त्या दुसऱ्याचे नाव कुणी घेतले नाही, परंतु तेव्हापासून ते नाव रुद्रय्याच्या घरात पाहुण्यासारखे ठाण मांडून बसले होते.

एका शनिवारी गाठ काढली. भूल देण्यापूर्वी नर्सने बसव्वाच्या गळ्यातले इष्टलिंग काढायला सांगितले, तेव्हा ती हट्टाने म्हणाली, "गळ्यातनं काढा, पण अंगावरनं न्हाय," आणि तिने ते दंडाला बांधून घेतले. दुपारी रुद्रय्याच्या हातात ती बाटली आली. लॅब तोवर बंद झाली होती; सोमवारी सकाळी पोचवा, असे नर्स म्हणाली. बाटलीतले ते फॉर्मलीन कशासाठी आहे, हे तिने सांगितले नाही आणि त्यानेही विचारले नाही.

रिक्षात झाकण थोडे सैल झाले. दोन थेंब बोटावर पडले. बोट चरचरले, डोळ्यांतून पाणी वाहू लागले. कारखान्याच्या चाळीतल्या घरी पोचला, तर त्याची थोरली बहीण आक्का दारातच बसलेली.

"काय आणलंस रं ते?"

"बसव्वाची गाठ. तपासायला द्यायची हाय."

आक्काने बाटली हातात घेतली, हुंगली आणि पदर नाकाला लावला. "शिवशिवा! ॲसिड हाय की हे! जित्या बाईचं मांस जाळतोयस व्हय?"

"औषध असंल गं."

"औषध असलं वास मारतंय? आपल्यात मेलेल्याला सुदिक आग दावत न्हाईत. बसवतोय, विभूती लावतोय, मातीत ठेवतोय. आन् हितं तू ती जिती असताना तिचं अंग जाळाय निघालास!"

लिंगायताच्या घरात वाढलेल्या माणसाला हा शब्द किती खोल लागतो, हे सांगून कळण्यासारखे नाही. रुद्रय्याने बाटली मोरीवर नेली. ते उग्र पाणी ओतून टाकले. पिण्याच्या स्वच्छ पाण्याने बाटली विसळली, पुन्हा भरली, त्यात चिमूटभर विभूती सोडली आणि बाटली देव्हाऱ्यासमोर ठेवली. रविवारी त्याने पूजा केली, तेव्हा तिच्यावर एक बेलाचे पानही वाहिले. आपण आपल्या माणसाला आगीतून काढले, असे त्याला खरोखर वाटले होते.

दोन दिवसांनी निरोप आला तेव्हा दिवस मावळायला अजून अवकाश होता. डॉक्टरीणबाईंनी त्याला आत बोलावून सूक्ष्मदर्शकासमोर बसवले.

"हे आधी बघा. दुसऱ्या पेशंटची गाठ आहे."

रुद्रय्याने डोळा लावला. गुलाबी रानात जांभळे दाणेच दाणे पसरले होते. प्रत्येकाची कड निराळी, प्रत्येकाच्या पोटात काळसर ठिपका. त्याला नकळत बरे वाटले. ही नजर त्याच्या ओळखीची होती. मग दिलदारने काच बदलली. आता तिथे दाणा नव्हता. कड नव्हती. ठिपकाही नव्हता. नुसता गुलाबी चिखल पसरलेला.

"ही बसव्वांची," बाई म्हणाल्या. "पाण्यात पेशी फुगतात, फुटतात, मग कुजतात. फॉर्मलीन उग्र असतं खरं, पण ते जाळत नाही हो. ते मांसाला आहे तिथं, आहे तसं थांबवतं. म्हणून तर आम्हाला वाचता येतं."

रुद्रय्याने डोळा काचेवरून काढला. पॅनमध्ये पाण्याची तोटी जराशी जास्त उघडी राहिली तर धरलेला दाणा विरघळून जातो, हे त्याने कित्येक नव्या माणसांना शिव्या घालून शिकवले होते. तोच तो. बाटलीत पाणी त्याच्याच हाताने ओतले होते.

"मग काय हाय म्हणायचं तिला?"

"मला सांगता येत नाही. क्षय असू शकेल, कॅन्सर असू शकेल. कॅन्सर असला तरी ह्या गाठींचा एकच प्रकार नसतो. एकाला जे औषध चालतं ते दुसऱ्याला चालत नाही. नुसतं कॅन्सर म्हणून भागत नाही. कुठला, ते ठरावं लागतं. दुसरी गाठ काढून पाठवा."

पण सर्जनकडे गेल्यावर एक पळवाट निघाली. ते म्हणाले, "शेजारी एक लहान गाठ आहे, ती काढता येईल. नाहीतर आपल्याकडं बहुतेक क्षयच निघतो. दोन महिने क्षयाच्या गोळ्या देऊन पाहू. घरी विचारून सांगा."

घरी बसव्वाने गोळ्यांचे नाव ऐकले आणि देवाला हात जोडले. आक्काने गूळ वाटला. शेजारचा हंबीरराव उंबऱ्यावर बसून मोठ्या आवाजात म्हणाला, "टीबीच असणार की ओ! माझ्या मेव्हणीला डिट्टो असलीच गाठ. गोळ्या खाल्ल्या, दूध-अंडी खाल्ली, आता म्हशीगत झालीया. तुमी लिंगायत, अंडी नगं, नुसतं दूध प्या!"

सगळे हसले. रुद्रय्याही हसला. गोळ्या सुरू झाल्या की बाटलीचा विषय संपणार होता. बसव्वाच्या मानेला पुन्हा सुरी लागणार नव्हती आणि तिला हे कधीच कळणार नव्हते, की पहिली जखम तिने उगीचच सोसली. एवढे सगळे सोपे असताना त्याने आक्काने दिलेला गूळ तोंडात न टाकता मुठीतच ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो पॅनवर उभा होता. खालून हाक आली, "रुद्रय्या, सोडा की पॅन! झाला असंल आता!"

"असंल म्हंजे?" रुद्रय्या सवयीने ओरडला. "काच बघितल्याबिगर सोडू व्हय?"

आणि हे शब्द तोंडातून निघाले तसा तो हातातली काच धरून तिथेच थिजला. साखरेच्या पॅनला जे चालत नाही, ते बसव्वाला चालवून घ्यायला आपण निघालो आहोत, हा विचार तापलेल्या सळईसारखा त्याच्या छातीतून गेला. त्यापाठोपाठ भीती आली. दोन महिने ती गोळ्या खात राहील, देवाला हात जोडीत राहील, आणि आत, जिथे कुणी सळई घालून पाहत नाही तिथे, ते दुसरे काहीतरी दाण्याला दाणा लावीत वाढत राहील.

संध्याकाळी बसव्वा अंगणात जोंधळे निवडत होती. मानेला पट्टी होती. लिंगाचा दोरा जखमेला लागू नये म्हणून खांद्यावरून तिरका घेतलेला.

"बसव्वा, गोळ्या नगंत. परत गाठ काढायची."

तिचे हात थांबले. "का? पयली काढली की."

"ती नासली."

"लॅबवाल्यांनी नासली?"

हो म्हणणे किती सोपे होते! खिडकीत उभा असलेला तो दिलदार रुद्रय्याच्या डोळ्यांसमोर आला.

"न्हाय. म्या नासली. त्यातलं औषध वतून पाणी भरलंतं. आक्का म्हणाली जळतंय... न्हाय, आक्काचं नाव नगं. माझं मला बघवंना. तुझं अंग हाय म्हणून."

बसव्वाने मान सुपाकडे वळवली. मग तिने एक खडा वेचून बाजूला टाकला.

"मला इचारायचं तरी व्हतं," ती म्हणाली. "माझंच व्हतं की ते."

ह्यापेक्षा तिने कपाळ बडवून घेतले असते तर रुद्रय्याला बरे वाटले असते.

"तुमाला भ्या वाटतंय?" तिने विचारले.

"व्हय."

"मलाबी," असे म्हणून तिने सूप पुन्हा हलवायला घेतले. "उद्या जाऊया."

दुसरी गाठ काढली. ह्या वेळी रुद्रय्या रिक्षात बसला तो बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरून. झाकणाच्या कडेने एक थेंब मनगटावर उतरला आणि चरचरला. त्याने तो पुसलाही नाही. लॅबच्या खिडकीत दिलदारने बाटली हुंगली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

"आता कसं, झ्याक हाय," तो डोळे पुसत म्हणाला. "मागच्या टायमाला तुमचं सांडलंतं."

"सांडलं न्हवतं."

"ठावं हाय ओ मला," दिलदार म्हणाला. "बसा. चा सांगतो."

निकालाच्या दिवशी बाईंनी त्याला पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितले. ह्या खेपेला दाणा होता. बारीक दाण्यांच्या गर्दीत मध्येच एक मोठी पेशी बसली होती, आणि तिच्या पोटात एकाला लागून एक असे दोन गोल ठिपके त्याच्याकडेच रोखून पाहत होते.

"दिसले? ह्यांना आम्ही घुबडाचे डोळे म्हणतो."

रुद्रय्या चटकन मागे सरला. अपशकुनी पाखराचे नाव ऐकून त्याने कपाळावरच्या विभूतीला हात लावला.

"कॅन्सर आहे, रुद्रय्या. क्षय नाही." बाई म्हणाल्या. "पण हे डोळे एकाच प्रकारात असे दिसतात. हॉजकिन म्हणतात त्याला. नावनिशी ओळख पटली, म्हणजे नेमकं औषध देता येतं, आणि ह्या जातीला औषध चांगलं लागू पडतं. हमी मी देत नाही. मुंबईला न्या, उशीर करू नका."

"गोळ्याच खात बसलो असतो तर?"

 बाईंनी काच फार जपून उचलून ठेवली.

मुंबईच्या डॉक्टरांना स्वतः तपासून पाहता यावे म्हणून दिलदारने मेणाचा ठोकळा एका डबीत कापसावर ठेवून दिला. नखाएवढा करडा तुकडा पांढऱ्या मेणात निवांत बसला होता.

"पाणी..." रुद्रय्या चाचरत म्हणाला.

"आता पाण्यानं कायबी होत न्हाय ह्येला. उन्हाला तेवढं जपा. मेण हाय."

सकाळच्या मुंबईच्या एस्टीत बसव्वाने खिडकीजवळची जागा घेतली. तिने हात पुढे केला.

"द्या हिकडं. माझं माझ्याकडं."

तिने डबी उघडून आत पाहिले. आपल्याच अंगाचा तुकडा इतका लहान, इतका मुका असेल असे तिला वाटले नसावे. मग डबी मिटून तिने ती पदरात बांधली, गाठ पक्की केली आणि लिंगाशेजारी छातीशी धरली.

"तहान लागली आसंल म्हणून पाणी पाजू नगासा ह्येला," ती म्हणाली.

रुद्रय्याला हसावे की रडावे ते कळेना. गाडी पंचगंगेचा पूल ओलांडून पुढे निघाली, तशी ऊस तोडलेल्या रानांवरून कोवळी उन्हे खिडकीतून आत आली आणि बसव्वाच्या पदरावर येऊन थांबली. दुखण्यावरच्या गोळीच्या गुंगीने आणि जागरणाने तिचा डोळा लागला होता. रुद्रय्या उठला. खांद्यावरचा टॉवेल त्याने दोन्ही हातांनी खिडकीवर ताणून धरला. कंडक्टर म्हणाला, "पावणं, बसा की, मागं जागा हाय."

रुद्रय्याने नुसती मान हलवली. कराड मागे पडले, हात भरून आले, तरी तो तसाच उभा होता आणि टॉवेलाची सावली तिच्या पदराच्या गाठीवरून सरकू देत नव्हता.