आधी हात

सांडोरच्या क्रुसापाशी रोज संध्याकाळी रोजरीची प्रार्थना पास्कू सांगायचा, आणि त्याच्याच बायकोने, फिलूने, तापलेल्या पोराच्या दंडाला भगताचा गंडा बांधून आणला! पास्कूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रविवारी फादर क्रुसापाशी आले, तेव्हा त्याने सगळ्या आळीदेखत पोराची बाही वर केली.

"फादर, पेत्र पाण्यावर चालता चालता घाबरून बुडायला लागला तेव्हा येशू त्याला काय म्हणाला, ते हिला जरा सांगा."

फिलू मान खाली घालून उभी राहिली.

"ओलिगोपिस्तोस," फादर म्हणाले. "ग्रीक शब्द आहे. ज्याचा विश्वास थोडा आहे, तो. अजिबात नाही, तो नव्हे. येशू हे आपल्याच शिष्यांना म्हणायचा, परक्यांना नाही. आणि पेत्राला त्याने आधी हात देऊन धरलं, मग हे बोलला." ते पास्कूकडे वळले. "फिलू भगताकडे गेली तेव्हा तू कुठे होतास, पास्कू?"

इथेच होता. पोर फणफणलंय, वसईला दवाखान्यात नेऊ या, असं ती म्हणाली होती. 'विश्वास ठेव' म्हणून तो जपमाळ घेऊन निघून आला होता. शेवटची एसटी गेली. भगत तेवढा जवळ होता, एकटीने पोर उचलून नेण्याइतका.

घरी जाताना पास्कूने पोराला घ्यायला हात पुढे केले.

"राहू दे," फिलू म्हणाली. "आता ताप उतरलाय. त्याचा तो चालेल."