वेळेआधी सुटलेली गाडी

विंझरच्या थांब्यावर गाडी थांबली तेव्हा खुर्शिदाच्या एका हातात तिकिटाचं मशीन होतं, दुसऱ्या हाताच्या बोटांत नोटा होत्या आणि खांद्यावरच्या चामडी पिशवीत मोबाईल थरथरत होता. चढणाऱ्यांना वाट देत तिनं तो कसाबसा बाहेर काढला.

"अम्मी, कुठवर आलीस?" मेहनाज विचारत होती.

"विंझरला. गाडी लई भरलीया. मागनं बोल."

"मागनं नको. आज पाचपर्यंतच आहे. वेल्ह्यात तुमची गाडी थांबते ना? तेव्हा मी बटण दाबते. तुझ्या मोबाईलवर सहा आकडे येतील, तेवढे मला वाचून दाखव. दहा मिनिटांत ते बाद होतात."

"सकाळी बोललो न्हवं आपन?"

"तू बोललीस. मी ऐकून घेतलं."

एक म्हातारी पुढं झाली, आधार कार्ड दाखवून म्हणाली, "केळद. फुकटवालं द्या." खुर्शिदानं फोन कानाखांद्यात धरून मशीनची बटणं दाबली.

"अम्मी, वेल्ह्यात उचलशील ना?"

"बरं," ती म्हणाली आणि फोन पिशवीत टाकला.

भोरच्या एसटी डेपोत खुर्शिदाची कंडक्टरची नोकरी अकरा वर्षांची. तिची मुलगी मेहनाज या वर्षी बारावी झाली, नीटला चांगले गुण पडले आणि तिला दोन जागा मिळाल्या. जनावरांची डॉक्टर व्हायचं हे तिचं दहावीपासूनच ठरलेलं. एक जागा शिरवळच्या सरकारी कॉलेजात. किकवीतल्या त्यांच्या घरापासून नीरा नदी ओलांडली की शिरवळ. सकाळी डबा घेऊन निघावं आणि दिवेलागणीला घरात यावं. दुसरी जागा देशभरच्या यादीतली, केरळातली, त्रिशूरजवळची. तेही कॉलेज सरकारी. पदवी तीच, फीही जवळपास तेवढीच. फॉर्म भरला तेव्हा मेहनाजकडं मोबाईल नव्हता, म्हणून नंबर अम्मीचा लावलेला. शिरवळची जागा कुठं जात नव्हती. केरळची मात्र आज पाचपर्यंत स्वीकारली नाही, तर पुढच्याला जाणार होती.

"तिथं हत्तींचं शिकवतात," मेहनाज म्हणायची.

"भोर तालुक्यात हत्ती हायेत व्हय? म्हशीचं शीक," खुर्शिदा हसण्यावारी न्यायची.

आज सकाळी मात्र हसणं झालं नाही. चहाचा कप खाली ठेवून मेहनाज म्हणाली होती, "शिरवळला गेले तर रोज संध्याकाळी मी घरी येईन आणि तू रोज दारात उभी असशील. पाच वर्षं. मग नोकरीही तू जवळचीच बघशील."

"मग? पोरीची वाट बघणं गुन्हा हाय?"

"गुन्हा नाही. मला मग घर सोडवणार नाही, अम्मी. त्याचीच भीती वाटते."

खुर्शिदा नुसतीच "शिरवळ" म्हणाली होती आणि ड्युटीला निघून आली होती.

परमुलूख काय असतो हे तिनं एकदा पाहिलं होतं. तिचा नवरा याकूब ट्रक चालवायचा. मेहनाज दुसरीत असताना एका सकाळी कर्नाटकातल्या दावणगेऱ्याच्या दवाखान्यातून फोन आला. बोलणाऱ्याचं हिंदी मोडकंतोडकं होतं. "अपघात" एवढंच नीट कळलं. ती दिराला घेऊन हायवेवर उभी राहिली, मिळेल त्या गाडीनं गेली आणि पोचली तेव्हा याकूब जाऊन अर्धा दिवस झाला होता. तिथल्या एका नर्सनं तिचा हात धरला आणि ती काहीतरी सांगत राहिली, पुन्हा पुन्हा, अगदी कळवळून. खुर्शिदाला त्यातला एक शब्द कळला नाही. दीरही नुसता मान हलवत होता. त्या बाईला काय सांगायचं होतं, याकूब शेवटी काही बोलला होता की काय, हे आजही तिला ठाऊक नव्हतं. आणि केरळ तर त्याच्याही पलीकडं.

गाडी वेल्ह्याच्या स्टँडवर लागली. निम्मी माणसं उतरली. केळदची म्हातारी, सखूबाई, तिच्याजवळ येऊन म्हणाली, "बाई, बीपीच्या गोळ्या आनते मेडिकलमधनं. गाडी सोडू नगासा."

"या जाऊन. थांबते," खुर्शिदा म्हणाली.

कंट्रोलरच्या खिडकीशी जाऊन तिनं शीटवर गाडीच्या वेळेची नोंद करायला घेतली, तोच फोन वाजला. तिनं पिशवीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. वाजून वाजून तो बंद पडला. मग मेसेज आल्याचा बारीक आवाज झाला. ते सहा आकडे आले असणार. लगेच पुन्हा फोन.

"म्याडम, मोबाईल," कंट्रोलर म्हणाला.

"असू द्या."

शीट उचलून ती गाडीकडं निघाली. आता इथं एक क्षणही थांबू नये असं तिला झालं होतं. वेल्ह्याच्या पुढं पहिलं वळण घेतलं की रेंज जाते. केळदपर्यंत नसते आणि परत येईस्तोवर पाच वाजून गेलेले असतात. हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. रेंज नव्हती गं, म्हटलं की संपलं. कुणी खोटं म्हणणार नव्हतं. भांडण नाही, पोरीला नको म्हणणं नाही.

आत चढून तिनं डबल बेल दिली.

ड्रायव्हर मानसिंगनं आरशातून मागं पाहिलं, मग मनगटावरचं घड्याळ पाहिलं. आठ वर्षं दोघं एका गाडीवर होते. त्यानं गियर टाकला.

शेवटच्या घरांजवळून जाताना फोन तिसऱ्यांदा वाजला. खुर्शिदा दांडीला धरून उभी राहिली, समोर रस्त्याकडं बघत. वळण आलं. फोन वाजता वाजता मध्येच तुटला.

तिला आधी हायसं वाटलं. खांदे सैल झाले. शिरवळ, तिनं मनात म्हटलं. पावसाळ्यात पोरीला छत्री द्यायची, डब्यात काय काय द्यायचं, सगळं एका दमात तिच्या डोळ्यांपुढून गेलं. मग वेल्ह्यात चढलेल्यांची तिकिटं फाडायला ती मागं निघाली. चौथ्या बाकाशी तिचे पाय थांबले. बाकावर कापडी पिशवी होती. पिशवीतून शेपूची जुडी डोकावत होती. माणूस नव्हतं.

"म्हातारी आली न्हाई व्हय?" खिडकीशी बसलेली बाई म्हणाली. "मला वाटलं तुमी बघून बेल दिली."

अकरा वर्षांत खुर्शिदाच्या गाडीतलं माणूस मागं राहिलं नव्हतं. थांबते, असं आपल्या तोंडानं सांगितलं होतं तिनं.

"मागनं जीप मिळंल की तिला," एकजण म्हणाला.

"या वक्ताला कुठली जीप? हीच शेवटची गाडी हाय," खिडकीजवळची बाई म्हणाली. "रातभर स्टँडवर बसायचं का म्हातारीनं?"

खुर्शिदा पिशवीकडं बघत उभी राहिली. परत फिरायचं म्हणजे वेल्हे. वेल्हे म्हणजे रेंज. पाच अजून वाजले नव्हते. तिनं सिंगल बेल दिली. गाडी थांबली. केबिनच्या जाळीशी जाऊन ती म्हणाली, "मानसिंगभाऊ, सखूबाई राह्यली मागं. गाडी फिरवा."

मानसिंगनं लगेच स्टिअरिंगला हात लावला नाही. "फिरवतो. पन शीटवर लिवावं लागंल. वेळंआधी का काढली, इचारतील."

"लिवते. चूक माजीच हाय."

"मोबाईल वाजत हुता तुमचा," तो पुढं बघतच म्हणाला.

"व्हय."

पुढच्या खळ्याजवळ जागा होती, तिथं त्यानं गाडी मागंपुढं करत वळवली. माणसं कुरकुरली. कुणी म्हणालं, असं असेल तर माणसानं घरी कधी पोचायचं. खुर्शिदानं सगळं ऐकून घेतलं. वळण जवळ आलं तसा तिचा हात पिशवीवर गेला आणि पिशवीतला मोबाईल एकामागून एक थरथरायला लागला.

सखूबाई स्टँडच्या कट्ट्यावर बसली होती. मांडीवर गोळ्यांची पुडी. खुर्शिदा खाली उतरून तिच्याजवळ गेली. "आत्या, चुकलं माझं. चला."

म्हातारी रागावली नाही. गुडघ्यावर हात देत उठली आणि म्हणाली, "थांबते म्हनाली हुतीस न्हवं? म्हनून बसले हितंच."

तिला हाताला धरून पायरीवर चढवलं आणि मग खुर्शिदानं मोबाईल पाहिला. मेहनाजचे चार फोन. दोन वेळा आलेले सहा आकडे, दोन्ही बाद. आणि त्याखाली मेसेज: राहू दे अम्मी. शिरवळपण चांगलं आहे.

हवं होतं ते पोरीनं आपणहून लिहिलं होतं. आता फोन पिशवीत टाकायचा आणि बेल द्यायची, एवढंच. पण खुर्शिदा खाली उभीच राहिली. "राहू दे" हे मेहनाजचं तिला पाठ होतं. शाळेची सहल निघाली तेव्हा, सायकल बघायला दुकानात गेल्या तेव्हा, अब्बांच्या ट्रकमधला फोटो मोठा करून भिंतीला लावायचा होता तेव्हा. पोरगी आधी अम्मीच्या तोंडाकडं बघायची आणि मग म्हणायची, राहू दे. त्या त्या वेळी खुर्शिदाला ते समजूतदारपणाचं वाटलं होतं.

तिनं फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"दाब परत," खुर्शिदा म्हणाली.

"कशाला, अम्मी? मी लिहिलंय ना."

"वेळ हाय का अजून?"

"थोडा आहे."

"मग बोलत बसू नगंस. दाब."

मग मोबाईल थरथरला. खुर्शिदानं तो डोळ्यांपुढं धरला आणि थांब्यांची नावं पुकारावीत तसे सहा आकडे खणखणीत वाचले. गाडीतल्या माणसांनी खिडक्यांतून पाहिलं. मेहनाजनं ते एकेक करून परत म्हटले.

"झालं," बऱ्याच वेळानं ती म्हणाली. "आलंय तसं स्क्रीनवर."

"बरं झालं."

"अम्मी." ती घोटाळली. "मघाशी रेंज नव्हती का?"

मानसिंग केबिनमध्ये बसून समोरच्या काचेतून बघत होता. सखूबाई पिशवी मांडीवर घेत होती. नव्हती म्हणणं अजूनही सोपं होतं.

"हुती," खुर्शिदा म्हणाली. "वाजत हुता. मीच उचलला न्हाई."

मेहनाज म्हणाली, "बरं. गाडी सोड आता. उशीर झाला असेल."

त्या संध्याकाळी घरी दोघी जेवल्या. मेहनाजनं आमटी केली होती. कुठली कागदपत्रं लागतील, कपडे किती न्यायचे, तिकडं पाऊस फार असतो म्हणतात, एवढंच बोलणं झालं. वेल्ह्याचा विषय तिनं काढला नाही. तिनं काढावा, भांडावं, असं खुर्शिदाला वाटत राहिलं.

सकाळी ड्युटीला निघताना खुर्शिदानं मोबाईलमधलं सिम काढलं आणि मेहनाजच्या हातावर ठेवलं.

"हा नंबर तू घे. फुडंबी सगळं त्याच्यावरच येईल. दर वेळी माझ्याकडं मागायला नगं."

"आणि तुला?"

"भोरच्या स्टँडवर नवं घेते."

पोरगी नको म्हणेल, निदान एकदा तरी म्हणेल, असं तिला वाटलं होतं. मेहनाजनं सिमकडं पाहिलं आणि मूठ मिटली. "नवं घेतलंस की लगेच मला मिस कॉल दे," ती म्हणाली. "मी सेव्ह करून ठेवते."

खुर्शिदानं तसंच केलं. भोरहून केळदची गाडी सुटायच्या आधी नव्या सिमवरून एक मिस कॉल दिला. विंझर आलं, गेलं. मशीन चालत होतं, माणसं चढत होती, उतरत होती. ज्या नंबरवर नणंदा, डेपो, बचत गटाच्या बायका, सगळी फोन करायची, तो आता किकवीत होता. हा नवा नंबर एकट्या मेहनाजला माहीत होता.

वेल्ह्याच्या स्टँडवर तिनं शीटवर नोंद केली, कंट्रोलरशी दोन शब्द बोलली आणि आपल्या सीटवर येऊन बसली. गाडी सुटायला वेळ होता. तिनं मोबाईल पिशवीतून काढून हातात घेतला. रेंज पुरी होती. मानसिंगनं एकदा आरशातून तिच्याकडं पाहिलं आणि तो वाट बघत राहिला. घड्याळाचा काटा जागेवर येईपर्यंत ती मोबाईल तसाच धरून बसली. मग उठली, गाडीत नजर फिरवून सगळी माणसं आपापल्या जागी आहेत हे पाहिलं आणि डबल बेल दिली.